घर सजवायचे की हप्ते भरायचे?

पेसाहला पंधरा दिवस राहिले की आपल्या गावांतल्या शिकूनांखाली, कचऱ्याच्या मोठ्या पेट्यांशेजारी, सामानाचे ढीग दिसू लागतात. तीन पायांची टेबले, आरसा फुटलेली कपाटे, लहान मुलांच्या खाटा, गाद्या, कळकट दिवे, आणि त्यांच्यामध्ये चांगल्या धडधाकट खुर्च्याही. इरियाची गाडी ठरल्या दिवशी येते आणि बरेवाईट सर्व एकत्र उचलून नेते. दिमोना घ्या, अश्दोद घ्या, लोद-रामला घ्या, बेएर-शेवा घ्या, देखावा एकच. त्या ढिगांत बेने इस्राएल घरातून उतरलेले सामान कोणते, हे ओळखायला आम्हांला चष्मा लागत नाही. पितळेची परात आणि सागवानी पेटी दुसऱ्या कुणाच्या घरातून खाली येणार?

जुने सामान जिन्याने उतरत असते त्याच आठवड्यात दुकानाची गाडी नवा कोच आणि नवे भिंतीएवढे कपाट वर चढवीत असते. त्याचे पैसे दिलेले असतात काय? नाही. छत्तीस तश्लुमीम. म्हणजे आज सलोनमध्ये मांडलेल्या कोचाचा शेवटचा हप्ता तीन पेसाह उलटल्यावर जाणार, आणि तोवर कोच मध्यभागी बसलेला असणार. ही रीत आमच्या समाजात आता इतकी रुळली आहे की तिच्याविरुद्ध बोलणारा कंजूष ठरतो, नाहीतर वेडा. आम्हांला दोन्ही म्हणावे, हरकत नाही. पण आमचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे.

म्हणणे साधे आहे. घर सजवायला नवे सामान लागत नाही. दुसऱ्याने वापरलेली चांगली वस्तू, आपल्याच घरात माळ्यावर पडलेली जुनी वस्तू आणि दोन हात, एवढ्यावर घर शोभिवंत होते. या गोष्टींची लाज वाटणे आपल्या लोकांनी आता सोडले पाहिजे. कारण या लाजेची किंमत मोठी आहे आणि ती आपली तरुण मुले दरमहा बँकेत भरीत आहेत.

हे लिहायला निमित्त घडले ते सांगतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या गावच्या महिला मंडळात आम्ही एक सूचना मांडली. पेसाहपूर्वी एक दिवस सभागृहात टेबले मांडावीत. ज्याला जे नको असेल ते त्याने आणावे, ज्याला हवे असेल त्याने न्यावे, पैशाचा व्यवहार नको. आणि ज्यांना हाताने काही करता येते, कुणाला गोधडी, कुणाला क्रोशा, कुणाला खुर्चीचे विणकाम, त्यांनी तिथेच बसून इतरांना शिकवावे. सूचना पडली. सूचना पडतात, त्याचे आम्हांला वाईट वाटत नाही. वाईट वाटले ते कारण ऐकून. एक बाई म्हणाल्या, "आपण काय काल आलेले ओलीम आहोत? लोक काय म्हणतील?" दुसरी म्हणाली, "माझ्या सुनेच्या सलोनमध्ये दुसऱ्याच्या घरचा कोच? ती मला उभी करणार नाही." सगळ्या हसल्या, चहा आला, आणि विषय संपला. आमच्या लेखी मात्र तो संपला नाही.

ही लाज आली कुठून, हे आम्ही जाणतो. आम्ही १९७७ साली एस. एस. सी. होऊन आईवडिलांबरोबर या देशात आलो. सोखनूतने घर दिले, आणि घराबरोबर लोखंडी खाटा, पातळ गाद्या, करड्या घोंगड्या. सर्व ओलीमच्या घरांत त्याच खाटा. शेजारच्या घरातली मुले आमच्या घरात आली की पहिल्याने खाटेकडे पाहत आणि मग आमच्याकडे. आमच्या आधी आलेल्यांनी तर याहून कडू दिवस काढले. १९६२ साली प्रमुख रब्बीनातने आपल्या लोकांच्या लग्नापूर्वी वाडवडिलांची चौकशी करण्याचे निर्देश काढले. आपली माणसे जेरुसलेमात ठिय्या देऊन बसली, तेव्हा कुठे १९६४ साली ते निर्देश बदलले. ज्यांच्या यहुदीपणावरच शंका घेतली गेली त्यांना आपल्या घरातली प्रत्येक वस्तू नवी, दुकानातली, पावतीसकट असावी असे वाटले, तर त्यात नवल नाही. दुय्यम वस्तू घरात आली की आपणही दुय्यम ठरू, अशी ती भीती. ती आमच्या आईवडिलांच्या पिढीला शोभली. आज आपल्या मुली वॉर्डाच्या मुख्य परिचारिका आहेत, मुलगे इंजिनिअर आहेत. आता ही भीती कशासाठी सांभाळायची?

आणि गंमत अशी की त्या पिढीची घरे मुळीच वाईट दिसत नव्हती. पन्नास-साठ चौरस मीटरचे शिकून, भिंतींना पांढरा चुना, आणि त्यात आपल्या आया काय काय करीत! शूकमधून भाजीची लाकडी खोकी आणायची, घासून, उन्हात वाळवून एकावर एक ठेवायची. झाले मांडणीचे कपाट. त्याला विटलेल्या नऊवारीचा पदर लावून पडदा. सोखनूतच्या खाटेला भिंतीशी सारून तिच्यावर गोधडी, पाठीला कापूस भरलेल्या तीन उशा, झाला दिवाण. लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत मनीप्लँट. दारावर मण्यांचे तोरण, मझूझाच्या बाजूने नीट ओढून बांधलेले. भिंतीवर एलियाहू हन्नावीची तसबीर, तिच्या चौकटीला दर नव्याच्या सणाला तेलाचा हात. आज तीच सोखनूतची खाट रंगवून, गादी-उशा घालून, याफोच्या दुकानांत जुनी दुर्मीळ वस्तू म्हणून विकायला ठेवतात, आणि तेल अवीवची शिकलेली माणसे ती घेतात. आम्ही हसावे की रडावे?

मुंबईत तरी आपण काय नवेच वापरीत होतो? उमरखाडी, डोंगरी, मांडवी, भायखळा, जिथे आपली घरे होती तिथून चोरबाजार हाकेच्या अंतरावर. मटण स्ट्रीटवरून आणलेले टेबल, पारशाच्या घरच्या लिलावातली आरामखुर्ची, यांत कुणाला कमीपणा वाटत नसे. उलट घासाघीस करून किती कमी पैशांत आणली हे चारचौघांत सांगितले जाई. दारावर बोहारीण येई, तिला जुने कपडे देऊन भांडे घेतले जाई, आणि एका विजारीवरून तासभर हुज्जत चाले. कल्हईवाला येई, पिंजारी येऊन गाद्यांचा कापूस पिंजून देई. वस्तू टाकायची नसते, तिचे काहीतरी करायचे असते, हे आपण विमानात बसण्यापूर्वी शिकलो होतो. इथे येऊन विसरलो. शास्त्रानेही हेच सांगितले आहे: फळझाडे तोडू नका ही देवारीमच्या विसाव्या अध्यायातली आज्ञा, आणि तिचाच विस्तार करून चांगली भांडी फोडणे, चांगले कपडे फाडणे हेही रांबामने निषिद्ध मानले. बल तश्हित म्हणतात ते हेच. आपल्या लोकांना ते दर वर्षी शोफेतीमच्या परशात ऐकू येते, आणि पेसाहच्या साफसफाईत आठवत नाही.

आता नव्या सामानाची गोष्ट. हप्त्यांवर जे मिळते ते बहुतेक वेळा लाकूड नसते. भुसा गोंदाने दाबून केलेली फळी, आणि तिच्यावर लाकडाच्या रेषांचा छापील कागद किंवा प्लास्टिक. आपल्याकडे आठवड्याला, आणि शाब्बाथच्या आधी तर नक्कीच, जमिनीवर पाणी ओतून स्पोंजा करतात. ते पाणी कपाटाच्या तळाला लागते. सागवान ते सोसते. दाबलेला भुसा पाणी पितो, फुगतो, कडा सुटतात. एकदा फुगलेली फळी पुन्हा बसत नाही. घर बदलताना ते कपाट सोडून पुन्हा जोडले की स्क्रूची भोके सैल होतात, आणि तिसऱ्या घरात दार लोंबते. म्हणून ते दुरुस्त होत नाही, फेकले जाते, आणि पुन्हा छत्तीस हप्ते. शिवाय त्या गोंदातून सुरुवातीचे महिने फॉर्माल्डिहाइडचा वायू सुटत राहतो. बंद खोलीत डोळे चुरचुरतात, नाक-घसा धरतो. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने हा वायू माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरला. वीस वर्षे जुन्या कपाटातला वायू केव्हाच उडून गेलेला असतो. बाळंतिणीच्या खोलीत ऐन वेळी नवेकोरे कपाट आणून दारे-खिडक्या बंद करणाऱ्यांनी याचा विचार करावा.

इथे हमखास प्रश्न येतो: जुन्या सामानातून रोग येतो, त्याचे काय? आयुष्यभर परिचारिकेचे काम केले असल्यामुळे हा प्रश्न आम्हांला आवडतो. तो विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना रोगाची भीती नसून शेजारणीची भीती असते, तरीसुद्धा. उत्तर नीट देतो.

गादी रस्त्यावरून उचलू नये. कितीही चांगली दिसो, फुकट असो, ओळखीच्यांनी ठेवलेली असो. तसाच कापडाने मढवलेला कोच, त्याच्या शिवणी उलगडून पाहिल्याशिवाय घेऊ नये. कारण ढेकूण. आपल्या मुंबईच्या चाळींतल्या बायकांना ढेकणांची ओळख करून द्यायला नको. खाटा गच्चीवर काढून उकळते पाणी ओतण्याचे रविवार सर्वांना आठवत असतील. याफोच्या जुन्या बाजाराला शूक हापिश्पेशीम म्हणतात, आणि पिश्पेश म्हणजे ढेकूणच, तेव्हा बाजाराने आपल्या नावातच सूचना दिलेली आहे! शिवणींत, खिळ्यांच्या भोकांत, लाकडाच्या सांध्यांत शाईच्या टिंबासारखे काळे ठिपके दिसले की वस्तू होती तिथेच ठेवावी. कापड, पडदे, चादरी घरात आणल्यावर आधी साठ अंशांच्या पाण्यात धुवाव्यात, मग कपाटात ठेवाव्यात. लाकूड साबणाच्या पाण्याने पुसून मिर्पेसेतवर दोन-तीन दिवस ठेवावे. घुणाने पोखरलेले असेल तर खाली बारीक पिठी पडलेली दिसते. ते लाकूड घरात नको, शेजारच्या चांगल्या लाकडालाही लागते.

रंगवलेल्या जुन्या वस्तूंत शिसे असू शकते. अमेरिकेत १९७८ साली घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी आली. त्या काळातला, पापुद्रे सुटणारा रंग कोरडा घासू नये. ती धूळ लहान मुलांच्या पोटात गेली तर मेंदूला अपाय करते. असली वस्तू मुलांच्या खोलीत ठेवूच नये. तान्ह्या मुलांच्या खाटांविषयी तर आम्ही कुणाचे ऐकणार नाही. दोन दांड्यांमधली फट साडेसहा सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, किंवा एक बाजू खाली सरकणारी असेल, तर ती खाट आजोबांची असो की पणजोबांची, त्यात मूल निजवायचे नाही. असल्या सरकत्या बाजूच्या खाटा विकायला अमेरिकेत २०११ पासून बंदी आहे, आणि ती मुले दगावली म्हणून आली. विजेचा जुना दिवा घ्यावा, पण वायर आणि बटण नवे बसवून घ्यावे. उंच कपाट भिंतीला पट्टीने ठोकावे. हे नव्या कपाटालाही लागू आहे, पण दुकानदाराची माणसे घाईत असतात.

झाले. रोगाचा प्रश्न एवढाच आहे. याला हप्ते लागत नाहीत, डोळे लागतात.

दुसरी हरकत कुजबुजत सांगितली जाते: "ती खाट मेलेल्या माणसाची आहे." आम्ही ज्या खाटांवर इतकी वर्षे रुग्ण निजवले, त्यांतल्या प्रत्येकीवर केव्हा ना केव्हा कोणीतरी गेलेले आहे. चादर काढायची, खाट औषधाने पुसायची, नवी चादर ताणून बसवायची, आणि पुढच्या रुग्णाला घ्यायचे. आपले किती बेने इस्राएल त्याच खाटांवरून बरे होऊन घरी गेले, त्यांना कुणी विचारले नाही की आधी इथे कोण होते. मृताचे जोडे घालू नयेत असा रिवाज आपल्या लोकांत आहे, तो पाळावा. पण कपाटाला पाय असले म्हणून ते जोडे होत नाहीत.

तिसरी हरकत कशेरची, आणि ती आम्हांला मान्य आहे, पण ती फक्त भांड्यांपुरती. दुसऱ्याच्या घरातून आलेल्या धातूच्या भांड्यात जेवण करायचे असेल तर आधी ते कशेर करून घ्यावे, यहुद्येतराकडून घेतले असेल तर मिक्वेत बुडवावे. मातीचे भांडे कशेर होत नाही. शंका असेल तर आपल्या रब्बींना विचारावे. फुले ठेवायच्या हंड्याला आणि भिंतीवर लावायच्या ताटाला यांतले काही लागत नाही. गोधडीत मात्र लोकर आणि लिनन एकत्र शिवू नका, शातनेझ होईल; जुन्या कोटांचे तुकडे वापरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

खरे सांगायचे तर या तीनही हरकती पुढे करणारी तीच माणसे सुक्कोथ आले की काय करतात? जुन्या फळ्या, जुन्या चादरी, पिठाच्या खळीने चिकटवलेल्या रंगीत कागदांच्या साखळ्या, मुलांनी रंगवलेली डाळिंबे, माळ्यावरून काढलेली मागच्या वर्षीची झुंबरे. सात दिवस त्या सुक्कात पाहुणे बसवतात, फोटो काढतात, मुंबईला पाठवतात. कुणी म्हणत नाही की हे भिकाऱ्याचे घर. सगळे म्हणतात, किती सुंदर! मग आठव्या दिवशी तेच हात आणि तेच डोळे कुठे जातात?

आता काय करता येते ते थोडे सांगतो, नाहीतर म्हणाल की आजीबाई नुसत्या रागावतात. डुगडुगणारी खुर्ची हे सर्वांत सोपे काम. सांधा सोडवायचा, आतला जुना कडक गोंद सुरीने खरवडून काढायचा, कारण जुन्या गोंदावर नवा धरत नाही. मग लाकडाचा पांढरा गोंद लावून पाय पुन्हा बसवायचे. चारी पायांभोवती दोर गुंडाळायचा, त्यात काठी घालून पीळ द्यायचा, आणि काठी अडकवून खुर्ची रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी ती तुमच्याआमच्याहून घट्ट उभी असते. पॉलिशपेपर नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने ओढावा, आडवा नाही. आडवे ओरखडे पॉलिशखाली जास्तच उठून दिसतात.

कोचाचे कापड विटले म्हणून कोच टाकणे म्हणजे चादर मळली म्हणून रुग्ण टाकण्यासारखे आहे. त्यावर गोधडी घाला. आपल्या कपाटांत ज्या सुती साड्या सणालाही नेसल्या जात नाहीत, त्यांच्या चार-पाच घड्या एकावर एक अंथरायच्या, सुरकुती राहू द्यायची नाही, कडेने आणि मध्ये लांब टाके घालून टाचायच्या, आणि मग कडेकडून मध्याकडे बोटभर अंतराने धावदोरा घालीत जायचे. नायलॉनची साडी घेऊ नका, घसरते आणि उन्हाळ्यात अंगाला चिकटते. दोन बायका समोरासमोर बसल्या तर बोलता बोलता महिन्याभरात मोठी गोधडी होते. हल्ली मुली मोबाईलवर परदेशी बायकांची असली कामे पाहतात आणि आम्हांला दाखवतात, "आजी, बघ किती छान!" आजीच्या पायावर पसरलेली असते तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही.

सागवानी पेटी कोचापुढे ठेवली की टेबल झाले, आणि आत हिवाळ्याची पांघरुणे राहतात. पायाच्या शिवणयंत्राच्या लोखंडी चौकटीवर फळी टाकली की लिहायचे टेबल होते. पण यंत्र चालत असेल तर कृपा करून ते मोडू नका, त्यावर पडदे शिवा. पितळ चिंच आणि मिठाने घासा, लगेच धुऊन कोरडे करा. तांब्यापितळेच्या भांड्यात आमटी-कालवण करायचे तर आत कल्हई हवी, आंबट पदार्थात तांबे उतरते. कल्हई नसेल तर त्यात झाड लावा, पाणी साचू देऊ नका, डास होतात. परात भिंतीवर लावली की दुपारचे ऊन तिच्यावर पडून सारी खोली पिवळी होते. तेवढी शोभा कुठल्या दुकानात मिळते ते आम्हांला कळवावे.

याउलट दोन प्रकारच्या माणसांशीही आमचे भांडण आहे. एक, जे दुकानातून मुद्दाम ओरबाडलेल्या रंगाची, जुन्यासारखी दिसणारी नवी कपाटे हप्त्यांवर आणतात आणि आईची खरी जुनी पेटी खाली ठेवतात. त्यांच्याबद्दल काय बोलावे! दुसरे, जे काहीच टाकीत नाहीत. आम्ही अशी घरे पाहिली आहेत की जिथे वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांतून स्वयंपाकघराकडे जायला एका माणसाची वाट उरते, आणि त्या वाटेत म्हातारी बाई पडून तिची मांडी मोडते. साठवण म्हणजे सजावट नाही. जी वस्तू वापरात नाही, दिसायला नाही, कुणाची आठवणही नाही, ती ज्याला उपयोगी पडेल त्याला द्यावी. म्हणूनच तर आम्ही टेबले मांडा म्हणत होतो.

राहता राहिली एक गोष्ट, आणि ती लिहिताना हात जड होतो. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध बाई वारल्या. नवगावच्या बाजूच्या. शिवा संपली, आणि त्याच आठवड्यात मुलांनी घर विकायला काढले. खालून अल्ते झाखेन ओरडीत गाडी चालली होती; याफोचे अरब व्यापारी कर्ण्यातून यिद्दिश शब्द ओरडतात, हाही या देशाचा एक विनोदच. मुलांनी त्याला वर बोलावले. पितळी हंडा, घंगाळ, नारळ खवायची विळी, ज्या मोठ्या ताटात तिने पन्नास वर्षे मलिद्याचे पोहे कालवले ते ताट, सगळे मिळून दीडशे शेकेलला गेले. गोधड्या त्याने घेतल्या नाहीत, त्या पेटीशेजारी ठेवल्या गेल्या. दोन महिन्यांनी याफोच्या एका दुकानाच्या काचेत आम्ही ते ताट पाहिले. कडेला तिच्या सासूचे नाव मराठीत ठोकलेले होते, म्हणून ओळखले. दुकानदाराला ती अक्षरे कुठली ते ठाऊक नव्हते. तो म्हणाला, भारतातल्या देवळातले आहे. किंमत सहाशे शेकेल. आम्ही ते घेतले आणि तिच्या नातीला नेऊन दिले. नात सैन्यात आहे, मराठी वाचत नाही. तिने बोट फिरवून एकेक अक्षर विचारले.

१९९५ साली जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियमने भारतातल्या यहुद्यांवर मोठे प्रदर्शन भरवले, बेने इस्राएल, कोचिनी आणि बगदादी अशा तिन्ही समाजांचे. तेव्हा आपले लोक बसगाड्या करून गेले, आणि काचेआडच्या वस्तूंकडे बोट दाखवून मुलांना सांगू लागले, "ही आपली." नेवातीमच्या कोचिनी मंडळींनी आपल्या मोशावातच आपला वारसा जपून ठेवला आहे. म्युझियमे हवीत, आमचा त्यांना विरोध नाही. पण काचेआड ठेवली की जी वस्तू अभिमानाची होते, ती सलोनमध्ये ठेवली की लाजेची का व्हावी, हे आम्हांला कुणीतरी समजावून सांगावे. ज्या घरात ताट भिंतीवर असते त्या घरातले मूल विचारते, हे काय आहे, आणि मग सांगणाऱ्याला मलिदा, कोकण, तेलाचे घाणे, शनिवार तेली, सगळे सांगावे लागते. नव्या कोचाविषयी मूल काय विचारणार?

नवीन लग्न झालेल्या मुलांना आमची एक विनंती. मश्कंता तुमच्या गळ्यात आहेच, ती चुकत नाही. तिच्यावर कोचाचे, जेवणाच्या टेबलाचे आणि झोपायच्या खोलीचे हप्ते चढवू नका. नवे घ्यायचे तर गादी नवी घ्या आणि चांगली घ्या, पाठीचा प्रश्न असतो. बाकी एक वर्ष थांबा. आईला, आत्याला, मावशीला विचारा काय पडून आहे. शेजारी घर बदलणार असेल तर त्याला विचारा. विचारण्याने माणूस लहान होत नाही. आणि सुनांच्या सासवांनीही जरा ऐकावे: सुनेला नको ते सामान प्रेमाने तिच्या गळ्यात मारू नये. तिला निवडू द्यावे. तिला परात नको असेल आणि पाट हवा असेल, तर पाट द्यावा.

मंडळाने सभागृह दिले नाही तरी आमच्या इमारतीखाली खांबांमध्ये मोकळी जागा आहे, आणि शेजाऱ्यांची परवानगी आम्ही घेतली आहे. पुरीम झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत तिथे चार टेबले मांडू. वस्तू धुऊन, पुसून आणाव्यात. जड सामान आणू नये. त्याचा फोटो आणि मोजमाप आणावे, ज्याला हवे तो घरी येऊन नेईल. दुपारी दोनपर्यंत जे उरेल ते ज्याचे त्याने परत न्यावे, आमच्या दारात सोडू नये. खुर्ची विणायला शिकायचे असेल त्यांनी आपली खुर्ची आणावी. वेत आम्ही भिजत घालून ठेवू.